पार्किंगमधील सायकल दुरुस्ती : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०३ (सकाळी ७.५०)
सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीपासून चार पावलांवर, काल रविवारी पुन्हा सायकल दुरुस्तीचा बाजार भरला होता, आणि आज सकाळी पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर काळ्या तेलाचे मोठे डाग दिसत आहेत. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी हाच विषय निघाला होता, तेव्हा काय ठरले होते ते सगळ्यांना आठवत असेलच. तेलाचे डाग कोणी पुसायचे, एवढेच समितीने मला लेखी कळवावे.

सी-५०१ (८.०५)
काका, नमस्कार. काल तेथे मी आणि बी विंगची मुले होतो. चेन धुताना खाली जुनी चादर आणि त्यावर पत्र्याचा ट्रे ठेवला होता, आणि वापरलेले डिझेल बाटलीत भरून मी वर घेऊन गेलो. आपण म्हणता ते डाग जागा क्रमांक १२ मध्ये आहेत, तेथे काल एकही सायकल उभी नव्हती. सायकलच्या चेनला एका वेळी चमचाभरही तेल लागत नाही, त्यामुळे ताटाएवढा डाग तिचा असण्याची शक्यता कमी आहे.

ए-१०३ (८.११)
क्रमांक १२ ही माझी जागा आहे आणि माझ्या गाडीचे सर्व्हिसिंग गेल्याच महिन्यात झाले आहे. माझा प्रश्न साधा आहे. तेलाचे डाग कोणी पुसायचे?

सी-५०१ (८.१९)
आज संध्याकाळी मी पुसतो, काका. डागावर लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवला की तो तेल शोषून घेतो आणि नंतर कपड्याच्या साबणाने घासले की बराचसा भाग निघतो. मात्र मी पुसले म्हणजे डाग माझा होता असे कोणी समजू नये.

बी-४०२ (८.४०)
डागांचे काय ते आपण नंतर पाहू, मला त्याहून मोठी काळजी आहे. काल संध्याकाळी माझा मुलगा बेसमेंटच्या उतारावरून येत असताना त्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक लागलाच नाही आणि तो थेट कठड्यावर आदळला. गुडघ्यावर निभावले. त्याने शनिवारी मोबाईलवर व्हिडिओ पाहून चेनवर स्प्रे मारला होता, हे मला आज कळले. दहा वर्षांच्या मुलांनी हे उद्योग स्वतः करावेत का, हे कोणीतरी जाणकाराने सांगावे.

बी-२०१ (८.४४)
वहिनी, म्हणूनच मी नेहमी सांगतो की कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सायकल द्यावी आणि निश्चिंत व्हावे. त्याचेही घर चालते. प्रत्येकाने घरीच पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे ठरवले तर त्याच्या पोटावर पाय येईल.

सी-५०१ (९.०२)
वहिनी, त्याची डिस्क ब्रेकची सायकल आहे, म्हणजे चाकाच्या मध्याशी धातूची चकती (डिस्क) असते आणि ब्रेक दाबला की दोन पॅड ती पकडतात. फवारा चेनवर मारला तरी त्याचे बारीक तुषार मागच्या चाकाच्या डिस्कवर जातात, आणि सायकल भिंतीला टेकवून, हँडल वळलेले असताना फवारले तर पुढच्या डिस्कवरही जातात. डिस्कला तेलाचा हात लागला की पॅड घासले न जाता सरकतात आणि ब्रेक दाबल्यावर कर्कश आवाज येतो. काल तसा आवाज आला होता का, हे त्याला विचारा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडावर घेऊन पुसता येते. पॅडमध्ये मात्र तेल मुरले असेल तर ते घासत बसण्यापेक्षा नवीन टाकणे शहाणपणाचे. तोपर्यंत कृपया सायकल त्याला देऊ नका. मी संध्याकाळी येऊन पाहतो.

बी-४०२ (९.०६)
होय, आवाज आला होता, तो त्याने मला सांगितलाही नव्हता. आभारी आहे. सायकल गॅलरीत ठेवून कुलूप लावले आहे.

ए-३०४ (९.३०)
दोनशेएकच्या भाऊंनी पंक्चरवाल्याचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. मी पुण्यात नोकरीची सगळी वर्षे सायकलवर काढली आणि त्या काळात घरी पंक्चर काढता येणे ही काही हौस नव्हती. तरीही चाकाचा आऊट काढायला (डुलणारे चाक सरळ करायला), ओव्हरऑइलिंगला (सायकल पूर्ण खोलून तेल-ग्रीस करायला) आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, बदलायला आम्ही दुकानातच जात होतो, कारण त्या कामांना हात बसलेला माणूस लागतो. घरी करायचे काम आणि कारागिराकडे द्यायचे काम यांत फरक आहे, आणि तो ज्याला कळतो त्याच्याकडून कारागिराला उलट योग्य काम मिळते.

ज्यांच्या कर्वेनगरात फेऱ्या होतात त्यांनी विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. जुन्या सायकली किती प्रेमाने सांभाळल्या जातात ते तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

बी-२०१ (९.३४)
आजोबा, आपला अनुभव मोठा आहे, तो मान्य. पण सगळ्या विंगांच्या सायकली एकाच रविवारी उलट्या केल्या तर येणाऱ्या पाहुण्यांना सोसायटीत सर्कस उतरली आहे असे वाटेल.

सी-१०२ (९.३६)
सर्कस असेल तर आमच्या घरून दोन तिकिटे धरा.

ए-१०३ (९.४१)
विषयांतर नको. तेलाचे डाग कोणी पुसायचे?

ए-३०४ (१०.१५)
विषयांतर नको हे खरे, म्हणून मूळ कामाविषयीच लिहितो. मुलांना सर्वांत आधी पंक्चर काढायला शिकवावे, कारण त्यात घाई केलेली लगेच उघडी पडते. टायर काढताना स्क्रू ड्रायव्हर घालू नये, त्याने ट्यूब चिमटून दुसरे भोक पडते. दोन टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायच्या चपट्या पट्ट्या, पुरतात. ट्यूबमध्ये हवा भरून ती बादलीत किंवा घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवावी आणि बुडबुडे दिसले तेथे पेनाने मोठी फुली मारावी, म्हणजे पुसल्यावरही जागा हरवत नाही. ट्यूब पूर्ण कोरडी करून तेवढाच भाग काचकागदाने घासावा, सोल्यूशनचा पातळ हात पॅचपेक्षा थोडा मोठा द्यावा आणि ते बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांबावे. येथेच नव्वद टक्के लोकांचा धीर सुटतो. ओल्या सोल्यूशनवर दाबलेला पॅच दुसऱ्या दिवशी उचलला जातो.

सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवावे. जेथे कापड अडेल तेथे काटा, काच किंवा जळक्या टायरमधून रस्त्यावर पडणारी बारीक तार सापडते. ती न काढता ट्यूब बसवली तर संध्याकाळी पुन्हा पंक्चर, आणि दोष मात्र पॅचला.

भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर काटा शोधण्यात वेळ घालवू नये. रिमटेप (रिमच्या आतून स्पोकच्या टोकांवर बसवलेली पट्टी) सरकली आहे किंवा स्पोकचे टोक वर आले आहे. आणि शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी असताना सायकल खड्ड्यात गेली, ट्यूब रिमच्या कडांमध्ये चिमटली, असे समजावे. हवा किती भरायची तो आकडा टायरच्याच कडेवर छापलेला असतो.

सी-५०१ (१०.३२)
आजोबा, हे मी मुलांना जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. एक भर घालतो. साध्या सायकलींना जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह असतो. रोज हळूहळू हवा कमी होत असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावे. फुगा आला तर ती रबरी व्हॉल्व्ह ट्यूब सुकून फाटलेली असते, आणि टायर उघडण्याची गरजच पडत नाही.

सचिव (११.००)
सर्वांना नमस्कार. चर्चा चांगली चालली आहे, परंतु समितीची अडचणही लक्षात घ्यावी. मीटरच्या खोलीजवळ डिझेल, रॉकेल किंवा तेलाने भिजलेली फडकी कोणत्याही कारणाने ठेवता येणार नाहीत, आणि धुतलेले पाणी पावसाच्या गटारात सोडता येणार नाही, कारण ते पुढे सरळ नाल्यात जाते. ए-१०३ च्या तक्रारीचा हा भाग समितीला मान्य आहे. दुरुस्ती बंद करावी असे मात्र कोणी सुचवलेले नाही, हेही मी नमूद करतो.

ए-१०३ (११.०४)
मी दुरुस्ती बंद करा असे कधीच म्हटलेले नाही. माझा स्वतःचा नातू सायकल चालवतो.

सी-५०१ (११.२८)
सचिव साहेब, डिझेल पूर्ण बंद करायला माझी हरकत नाही. चेन कोमट पाणी, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश यांनीही स्वच्छ होते, फक्त ती नंतर कापडाने पुसून उन्हात पूर्ण वाळवावी लागते, नाहीतर रात्रीतून तांबूस गंज धरतो. त्यानंतर चेनच्या प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब, पेडल उलटे फिरवत, आणि थोड्या वेळाने बाहेरचे सगळे तेल पुसून टाकायचे. तेल आतल्या पिनपर्यंत जायला हवे. बाहेर राहिलेले तेल धूळ पकडते आणि तीच धूळ पॉलिश पेपरसारखी दाते खात बसते. थेंब मोजून टाकले तर डिस्कवर तुषार जाण्याचा प्रश्न उरत नाही, म्हणून वहिनींच्या चिरंजिवांच्या हातातून स्प्रे काढून घ्यावा आणि त्याला थेंबाची बाटली द्यावी, अशी माझी विनंती आहे.

चेन बदलायची वेळ झाली का हे घरच्या स्टीलच्या पट्टीनेही कळते. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे २४ कड्यांचे बरोबर १२ इंच व्हायला हवेत. तेच अंतर १२ इंचांच्या वर १/१६ इंच भरले तर चेन बदलावी. १/८ इंच होईपर्यंत चालवली तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात आणि नवीन चेन त्यावर उड्या मारते.

बी-२०१ (११.३५)
एवढी मोजमापे आमच्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाचीही कोणी केली नव्हती. पण गंभीरपणे विचारतो, माझ्या मुलीच्या सायकलचे डावे पेडल मी काल अर्धा तास ओढले आणि ते जागचे हलले नाही. ते गंजले आहे का?

सी-५०१ (११.४१)
गंजले नसावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवे पेडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, डावे घड्याळाच्या दिशेने. आणखी जोर लावला असता तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटे गेले असते. बसवताना आधी हातानेच फिरवावे आणि अडकले तर तेथेच थांबावे. पाना शेवटच्या आवळण्यापुरताच.

बी-२०१ (११.५८)
सुटले. आभार.

ए-३०४ (१२.०५)
भाऊ, ते काम आपण कोपऱ्यावर दिले नाही, याची नोंद घेतली आहे.

बी-४०२ (१२.२०)
माझा मूळ प्रश्न अजून उरला आहे. मुलांनी कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये?

सी-५०१ (१२.४५)
वहिनी, माझे स्पष्ट मत असे आहे. हवा, पंक्चर, चेन, सीटची उंची ही कामे दहा वर्षांच्या मुलाने जरूर करावीत. ब्रेक, पुढच्या चाकाचा क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक काढता येते ती दांडी) आणि हँडल यांना मुलाने हात लावला तर मोठ्या माणसाने स्वतः तपासल्याशिवाय सायकल गेटबाहेर जाऊ देऊ नये. तपासणी मिनिटाभराची आहे. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे ढकलायची. चाक फिरले तर ब्रेक कमी आहे, आणि हँडलखाली खट खट जाणवले तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल आहे. क्विक रिलीजची दांडी बंद करताना तळव्यावर वळ उठण्याइतका जोर लागला पाहिजे. सहज बंद झाली तर ती सैल आहे. हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक असतील तर चाक काढलेले असताना ब्रेक अजिबात दाबायचा नाही, पॅड दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि पॅडमध्ये डिस्क बसेनाशी होते. त्यांचे तेल बदलणे मी स्वतःही दुकानातच करून घेतो.

आणि चाकाचा आऊट काढण्याचा मोह आवरावा. एक स्पोक पाव आटा आवळला की त्याचा ताण शेजारच्या स्पोकांवर जातो आणि नवख्या हाताने चाक आठाच्या आकड्यासारखे होते.

ए-१०३ (१.१०)
क्विक रिलीजची माहिती उपयुक्त आहे. नातवाच्या सायकलची दांडी एका बोटाने बंद होते. संध्याकाळी येताना आमच्याकडेही डोकवावे. तेलाचे डाग कोणी पुसायचे, याचे उत्तर मात्र समितीकडून यायचे आहे.

सचिव (१.३०)
समितीचे उत्तर असे : रविवारी सकाळी ८ ते १० या वेळेत, पंपघरामागच्या सिमेंटच्या ओट्यावर, ट्रे आणि चादर टाकून, डिझेलशिवाय दुरुस्तीला परवानगी आहे. तेथे पडलेला डाग काम करणाऱ्याने त्याच दिवशी काढावा. गाडीच्या जागेतील डाग ज्याची जागा त्याने काढावा.

ए-१०३ (१.३२)
वाचले.

सी-१०२ (१.५०)
आमची जुनी लेडीज सायकल तीन पावसाळे जिन्याखाली पडून आहे, तिचे टायर भेगाळले आहेत. २६ चा टायर मागवला तर बसेल ना?

सी-५०१ (१.५७)
वहिनी, नुसत्या २६ वर मागवू नका. जुन्या टायरच्या कडेवर दोन आकड्यांची जोडी छापलेली असेल, तिचा फोटो पाठवा.

सी-१०२ (२.१५)
धुऊन पाहिले. ३७-५९० असे आहे.

सी-५०१ (२.१८)
३७ ही टायरची रुंदी आणि ५९० हा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मग २६ गुणिले १ ३/८ हा टायर घ्या. आजकालच्या गिअरच्या सायकलींचा २६ चा टायर बहुधा ५५९ चा असतो, तो आपल्या रिमवर चढणार नाही. ट्यूब आणि रिमटेपही सोबतच आणा, तीन पावसाळ्यांत रिमटेप कुजलेली असणार. रविवारी ओट्यावर आपण दोघे मिळून बसवू.