‘प्रतिक्षेप’ की ‘धक्का’? : रायफलीच्या संदर्भात

प्रश्न (कोथरूड): शिकारीच्या जड रायफलींवरील एका लेखाचे मी भाषांतर करत आहे. त्यात ‘रिकॉइल’ (गोळी सुटताना रायफलीचे मागे येणे) आणि ‘फेल्ट रिकॉइल’ (त्यातले खांद्याला प्रत्यक्ष जाणवणारे) हे दोन वेगळे अर्थ सतत येतात. पहिल्यासाठी ‘प्रतिक्षेप’ घेतला. दुसऱ्याला ‘जाणवणारा प्रतिक्षेप’ म्हटले, तर वाक्य अवघडते.

उत्तर (सदाशिव पेठ): दुसऱ्याला सरळ ‘धक्का’ म्हणावे. प्रतिक्षेप गणिताने काढता येतो, कारण गोळी आणि दारूचा वायू यांना पुढे जाताना जेवढा संवेग मिळतो, तेवढाच रायफलीला मागे मिळतो. हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक-कंपनीने १९१२ साली आणलेल्या .३७५ मॅग्नम काडतुसाची सुमारे १९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७७० मीटर वेगाने सुटते, तेव्हा चार किलोची रायफल सेकंदाला पाचेक मीटर वेगाने मागे येते आणि खांद्याला जवळपास ५० ज्यूल ऊर्जा झेलावी लागते. हा आकडा नेमबाज बदलला म्हणून बदलत नाही. धक्का मात्र बदलतो. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसला असेल, तर तीच रायफल नुसती ढकलते. बोटभर फट राहिली असेल, तर ती आपटते. उभ्याने गोळी झाडताना शरीर मागे झुलते आणि धक्का त्यात जिरतो. टेबलाशी बसून रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली की झुलायला वाव राहत नाही, म्हणून तिथे खांदा लवकर दुखू लागतो.

पुरवणी (खडकी): हे मान्य केले, तर क्रियापदेही जपून वापरावी लागतील. दस्त्यामागची रबरी गादी धक्का सौम्य करते, कारण तोच जोर ती जास्त जागेवर आणि जास्त वेळात पसरवते. मूळ प्रतिक्षेप ती घटवत नाही. रायफल जड केली, तर तिचा मागे येण्याचा वेग व ऊर्जा कमी होते, संवेग जवळजवळ तोच राहतो. नळीच्या तोंडाशी बसवलेला मझल ब्रेक वायू बाजूला वळवून प्रतिक्षेपच घटवतो, पण त्याची किंमत शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांना मोजावी लागते. या सर्वांना एकच ‘नियंत्रण’ हा शब्द लावणे मला आळशीपणाचे वाटते.

प्रश्न (कोथरूड): आणि ‘फ्लिंच’? ‘दचकणे’ चालेल का?

उत्तर (सदाशिव पेठ): नाही, माणूस आवाज झाल्यावर दचकतो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटणे, खांदा पुढे रेटणे, याला ‘बिचकणे’ हवे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीची भाषा मागे पडली आणि बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रातल्या .२२ रायफलींना धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे हा शब्द नेमबाजीत फारसा कानावर पडत नाही, एवढेच. बिचकणे ओळखायचे असेल, तर खऱ्या काडतुसांत मधूनच एखादे दारू नसलेले काडतूस नेमबाजाच्या नकळत भरतात. चाप ओढल्यावर आवाज होत नाही, धक्का येत नाही, आणि तरीही नळी खाली झुकलेली दिसते.