६५ वॅट म्हणजे ६५ वॅट नव्हे

'कॉम्प्युटरचा प्रोसेसर ६५ वॅटचा, त्याच्या बॉक्समधला कूलरही (त्याला थंड ठेवणारा पंखा) ६५ वॅटचा, मग वेगळा कशाला' हे गणित बरेच जण मांडतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. डब्यावरचा आकडा साधारणपणे बेस क्लॉकशी, म्हणजे प्रोसेसरच्या मूळ वेगाशी जोडलेला असतो. इंटेलचा आय५-१२४०० टर्बोत, म्हणजे वेग वाढवून चालताना, ११७ वॅटपर्यंत खेचू शकतो, एएमडीच्या रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॅट आहे. ब्राउझिंग, ऑफिस, अगदी गेमिंगलाही बॉक्समधला चालतो, फक्त पंखा बोंबलतो. सलग रेंडरिंग (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करणं) चाललं की मात्र तापून क्लॉक, म्हणजे वेग, उतरायला लागतो. चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर, म्हणजे उभा कूलर, इथे पुरेसा आहे. त्यापुढे लिक्विड कूलर म्हणजे हौस. घेण्याआधी कॅबिनेटच्या स्पेकमध्ये कूलरची कमाल उंची बघा, बरेच टॉवर १५५ मिमीच्या आसपास असतात.

कूलर बदलताना होणाऱ्या घोटाळ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एएम४ वर (एएमडीचं आधीचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) प्रोसेसरच्या पिना सॉकेटमध्ये नुसत्या दाबून धरलेल्या असतात, वरून झाकण नाही. प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावलेली उष्णतावाहक पेस्ट जुनी झाली की सुकून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की सॉकेटचा लिव्हर (पकडणारा दांडा) बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं एखादा जड प्रोग्राम चालवून पेस्ट गरम करा, मग मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा झाला की उचला. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला ही भीती नाही, तिथे प्रोसेसर फ्रेमखाली अडकवलेला असतो.