मदत हवी आहे : ग्रहरक्षणाच्या खेळात लघुग्रहाच्या आघाताला गुण कसे द्यावेत?

आठवी-नववीच्या मुलांसाठी आम्ही दोघे मिळून मराठीतून एक मोबाइल गेम तयार करत आहोत. त्यात खेळाडूला ४५४ कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त पृथ्वीपासून सुरुवात करून, जीवसृष्टी उत्क्रांत होत असताना, लघुग्रह आणि सौरवादळे यांपासून ग्रहाचे रक्षण करायचे आहे.

अडचण मूळ कल्पनेतच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेला लघुग्रह खेळाडूने अडवला, तर डायनासोर नष्ट होत नाहीत आणि सस्तन प्राण्यांना वाव मिळत नाही; म्हणजे उत्तम रक्षण करणाऱ्याच्या ग्रहावर कदाचित माणूसच अवतरणार नाही! शिवाय सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन वाढला आणि तो तेव्हाच्या अनेक सूक्ष्मजीवांना घातक होता; पण तो वाढला सायनोबॅक्टेरियांमुळे, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंमुळे, त्यामुळे तेथे शत्रू बाहेरचा नाहीच.

आघात अटळ ठेवून पाहिला, तेव्हा मुले ‘मग रक्षण कशासाठी?’ असे विचारून चिडली. तो टाळता येण्याजोगा केला, तेव्हा माणूस निर्माण होणे म्हणजेच जिंकणे, असा त्यांचा समज झाला आणि उत्क्रांतीला ठरलेले ध्येय असते ही चुकीची कल्पना पक्की झाली. केवळ जैवविविधतेवर गुण दिले, तर महाविलोपानंतर, म्हणजे एकाच वेळी असंख्य प्रजाती नष्ट झाल्यावर, लगेच खेळ सोडून दिला जातो.

गेम इंटरनेटशिवाय, २ जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर चालायला हवा, आणि एक डाव तासिकेत, म्हणजे अर्ध्या तासात, संपायला हवा. कालरेषा बदलण्याची तयारी आहे. गेमचे इंजिन, म्हणजे ज्यावर तो बनवला आहे ते सॉफ्टवेअर, मात्र बदलता येणार नाही.

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी किंवा गेम बनवणाऱ्यांनी कृपया सांगावे : विलोपानंतर उरलेल्या सजीवांचा नव्याने होणारा विस्तार मोजून गुण द्यायचे असतील, तर नेमके काय मोजावे?