मदत हवी आहे: घाटात हायड्रॉलिक फॅन ढेपाळतो

मंडळी, मुक्काम चिपळूण. जुन्या डिझेल बसचं मोटरहोम केलंय. इंजिन मागे, रेडिएटर बाजूला, म्हणून फॅनला पट्टा नाही; पंपाच्या ऑइल प्रेशरवर हायड्रॉलिक मोटर फॅन फिरवते. गुहागरपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा ९० अंशांवर शांत. कुंभार्ली घाट अर्धा चढला की १०५! फॅन फिरतो, पण वारा जेमतेम.

ऑइलची पातळी बरोबर, फेस नाही, फिल्टर नवा. रेडिएटर आतून-बाहेरून धुतला (खाऱ्या हवेनं जाळी थोडी खाल्लीय, पण मोकळी आहे). काल फॅनचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडचा (विजेवर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलचा) प्लग काढला. माझ्या गाडीत करंट तुटला की फॅन पूर्ण वेगानं फिरायला हवा. थंड असताना फिरलाही. तासभर गाडी तापवून तेच केलं, तर वेग निम्मा. म्हणजे सेन्सर-वायरिंग निर्दोष असं मी धरतोय. गरम ऑइल पातळ होऊन आतल्या आत गळतंय, पण कुठे? पंप, मोटर की रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा)?

गॅरेजवाले म्हणतात, पंपच बदला. किंमत ऐकूनच घाम फुटला. मोटरची केस ड्रेन लाइन (आत गळलेलं ऑइल टाकीत परत नेणारी नळी) बादलीत सोडून गळती मोजली तर मोटरचा दोष कळेल ना? प्रेशर गेज नेमका कुठे लावू? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींचं हायड्रॉलिक बघणारं कुणी आहे का? गेज घेऊन येणाऱ्याला सुरमईचं जेवण माझ्याकडून.