मदत हवी आहे: 'तो विमा' हा ग्रीक पेपर नक्की कुणाचा?

मंडळी, ग्रीसमध्ये राहिलेलं किंवा तिकडचं राजकारण फॉलो करणारं कुणी आहे का इथे? मी ग्रीक मालकाच्या जहाजावर इंजिनियर आहे, सध्या पिरेयसजवळ पेरामाला रिपेअरसाठी लागलोय. भाषा शिकायची म्हणून दर रविवारी टपरीवरून 'तो विमा' घेतो. (हो, नाव तेच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली बरं केलंस, हप्ता किती? ग्रीकमध्ये विमा म्हणजे व्यासपीठ.) रोजचा अंक 2010 ला बंद झाला, तेव्हापासून हा रविवारचा.

तर आमचा चीफ म्हणतो, पासोक पक्षवाल्यांचा पेपर आहे, सेंटर-लेफ्ट, विषय संपला. सेकंड ऑफिसर म्हणतो कसला लेफ्ट, शिपओनरचा पेपर आहे. आणि घोळ असा की मला दोघांचंही पटतं. 1922 ला निघाला तेव्हा वेनिझेलोस या पुढाऱ्याच्या बाजूचा, म्हणजे राजाच्या विरोधातला, पुढे पासोकच्या जवळचा, पण पासोकच 2009 च्या 44 टक्के मतांवरून जानेवारी 2015 ला पाचाच्या खाली आला, आणि 2017 ला पेपर गेला मारिनाकिसकडे, ज्याच्याकडे जहाजं पण आहेत आणि ऑलिंपियाकोस हा फुटबॉल क्लब पण. मला वाटलं आता हा मित्सोताकिसच्या उजव्या सरकारला सांभाळून घेणार. तर मार्च 2024 मध्ये यांनीच छापलं की तेम्बीच्या रेल्वे अपघाताचं (57 माणसं गेली) जे रेकॉर्डिंग बाहेर आलं ते जोडतोड केलेलं होतं, त्यावरून विरोधकांनी थेट सरकारवर अविश्वास ठराव आणला! ठराव पडला ते सोडा, पण मी नेमकं काय समजून वाचू?

प्रतिसाद:
शिपओनरचा म्हणजे सरकारचा, हे गणित तिथे लागत नाही रे. 'काथिमेरिनी' हा पेपर पण आलाफूझोस या शिपओनर घराण्याचा, आणि पानाथिनाइकोस क्लबही त्यांच्यातल्याच एकाकडे. पेपर 1919 चा, मुळात राजाच्या बाजूचा, आजही कॉन्झर्व्हेटिव्ह. आणि डावीकडचं हवं असेल तर 'एफिमेरिदा तोन सिन्ताक्तोन', तो पत्रकारांच्याच सहकारी संस्थेचा, 2012 पासून. तिन्ही विकत घेऊ नकोस, टपरीबाहेर पहिली पानं टांगलेली असतात, लोक उभ्या उभ्या वाचतात, तू पण वाच.

धागाकर्ता:
हे बेस्ट! रविवारी चीफलाच घेऊन जातो टपरीवर, शब्द अडला तर विचारता येईल.