काळविटाच्या लेंड्यांतला नत्र मे महिन्यात वाढलेला दिसतोय, अर्थ कसा लावू?

नमस्कार मंडळी,

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय. गाव कर्जत तालुक्यात, रेहेकुरी अभयारण्याच्या जवळ. काळविटांच्या लेंड्यांवरून त्यांना मिळणाऱ्या चाऱ्याचा कस ठरवायचा, हा माझा प्रकल्प. (वनखात्याची परवानगी सरांच्या नावे घेतलेली आहे.)

लेंड्या वाळवून, दळून केल्डाल पद्धतीने नत्र मोजतो. लेंडीतला बराचसा नत्र न पचलेल्या चाऱ्याचा नसतो, तर पोटातल्या जिवाणूंचा आणि आतड्याच्या झडलेल्या पेशींचा असतो. चारा कसदार असेल तर जिवाणू जोमाने वाढतात आणि लेंडीत नत्र जास्त येतो. काळवीट मुख्यतः गवत खाणारं, त्यामुळे त्याच्यासाठी ही पद्धत बरी, असं समजून सुरुवात केली.

पावसाळ्यात नत्र चांगला, डिसेंबरात घसरलेला, इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. पण मे महिन्यात तो पुन्हा वर गेलाय. माळावर तेव्हा कुसळीच्या काड्या आणि पवन्याची वाळकी बुडखं सोडून काही नव्हतं. मग हा नत्र आला कुठून?

मला तीन शक्यता दिसतात. पहिली, बोर-बाभळीचा पाला. त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) प्रथिनांना धरून ठेवतं, ती न पचता बाहेर पडतात आणि लेंडीतला नत्र फुगतो. म्हणजे जनावराच्या अंगी काही न लागताच आकडा चांगला दिसतो. १९८७ साली हॉब्ज या संशोधकांनी या पद्धतीवर जी टीका केली, तिच्यात हा मुद्दा आहे. दुसरी, वेड्या बाभळीच्या शेंगा. लेंडी फोडली की अख्ख्या बिया सापडतात. मी त्या आजवर लेंडीबरोबरच दळत आलोय, आता वाटतं तिथेच चुकलं. तिसरी, आजूबाजूच्या विहिरीवरचा लसूणघास. माझ्या चुलत्यांच्या अर्ध्या एकर घासात रात्री कळप उतरतो, पहाटे खुरांचे ठसे मी स्वतः पाहिलेत.

मला सगळ्यात जास्त काळजी या तिसऱ्या शक्यतेची आहे. उद्या कोणी माझा आकडा बघून 'उन्हाळ्यातही माळावर चारा उत्तम आहे' असं म्हणायचं, आणि प्रत्यक्षात कळप शेतकऱ्यांच्या घासावर जगत असायचा. रेहेकुरीचं क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. तिथल्या गवताबद्दल चुकीचं काही माझ्या हातून लिहिलं जाऊ नये.

कार्बनच्या समस्थानिकांचाही (हलक्या आणि जड कार्बनच्या प्रमाणाचा) विचार केला, कारण त्या प्रमाणावरून वनस्पतींचे दोन गट ओळखता येतात. माळावरची बहुतेक गवतं आणि ज्वारी एका गटात पडतात, तर लसूणघास, बोर, बाभूळ, वेडी बाभूळ दुसऱ्या गटात. म्हणजे गवत सोडून दुसरं काही खाल्लं एवढं कळेल, पण घास की बाभूळ हे कळणार नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं. आम्ल-डिटर्जंटमध्ये (आम्ल घातलेल्या साबणासारख्या द्रावणात) उकळूनही न विरघळणारा, म्हणजे घट्ट बांधलेला नत्र वेगळा मोजून एकूण नत्रातून वजा केला, तर टॅनिनचा परिणाम कितपत निघून जातो? कोणी करून पाहिलंय का? दळण्याआधी बिया वेचून काढू, की बियांसकट आणि बियांशिवाय असे दोन्ही आकडे देऊ? सूक्ष्मदर्शकाखाली पानांच्या सालीचे तुकडे ओळखायची पद्धत मला जमेलशी वाटते, पण घासाचं कोवळं पान जवळजवळ पूर्ण पचतं, मग ते कमीच दिसणार. त्यासाठी काही दुरुस्ती करतात का? मारवेल, पवना, कुसळी यांच्या नमुना-काचपट्ट्या कोणाकडे असतील तर फोटोही चालतील.

नमुने कसे घेतो तेही सांगतो, चूक असेल तर दाखवा. सकाळी दुर्बीण घेऊन बसतो आणि कळप उठून गेल्यावर तासाभरात लेंड्या उचलतो, नाहीतर धनगरांच्या शेळ्यांच्या लेंड्यांशी गल्लत होते. मातीचा भाग आकड्यात येऊ नये म्हणून थोडा नमुना जाळून राखेचं वजन काढतो आणि ते वगळून उरलेल्या सेंद्रिय भागावर हिशेब करतो. ६० अंशांवर ४८ तास वाळवतो. नर ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात, ते ढीग सुरुवातीला सोयीचे वाटले, पण तिथे जुन्या-नव्या लेंड्या मिसळतात आणि मिळतात त्या जवळजवळ सगळ्या नरांच्याच. पाजणाऱ्या माद्यांना काय मिळतं हे त्यातून कळत नाही, म्हणून आता ढीग सोडून दिलेत.

मृगाचा पाऊस लागला की लेंड्या धुऊन निघतात, शेणकिडेही येतात. त्याआधी आणखी एक फेरी होईल. बियांबद्दल तेवढं लवकर कळलं तर त्या फेरीतले नमुने नीट हाताळता येतील.