पायथनमधला पंधराचा डाव कधीकधी सुटतच नाही, काय चुकते?

मानोऱ्याकडची ताई:
नमस्कार. वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आमचं गाव. सांजच्याला ओसरीत ८-१० पोरं अभ्यासाला येतात. लॅपटॉप जुना आहे, चित्रांचे गेम त्यावर अडकतात, म्हणून टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, पंधराचा डाव लिहून राहिली. पोहरादेवीच्या यात्रेतून पोरं प्लास्टिकचा आणतात तोच, १५ सोंगट्या अन् एक घर रिकामं, सोंगट्या सरकवत आकडे क्रमानं लावायचे. १ ते १५ आणि रिकाम्यासाठी ० अशी यादी केली, शफल मारलं म्हणजे आकडे कसेही मिसळले, चार-चार आकड्यांच्या ओळी छापल्या. काल सातवीतला एक पोरगा दीड तास बसला. वरच्या तिन्ही ओळी लावल्या, शेवटची १३, १५, १४ वर अटकली. माय कापूस वेचून आली, दोनदा जेवायला बोलावून गेली, तरी उठेना. मग हळूच म्हणे, "मले डोकंच नाही ताई." लय लागलं मनाला. चूक कुठं आहे?

वर्धेचा भाऊ:
ताई, पोराची चूक नाही, त्याला आजच सांगा. ती मांडणी कोणालाच सुटत नाही. कोडी बनवणाऱ्या अमेरिकेच्या सॅम लॉइडनं याच १४-१५ वर १००० डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं, ते कोणालाच मिळालं नाही. निम्म्या मांडण्या सुटत नाहीत हे जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच दाखवलं होतं.

पाटीवर बुद्धिबळासारखी काळी-पांढरी घरं काढा. रिकामं घर दर चालीला रंग बदलते. म्हणजे कोपऱ्यातून निघून त्याच कोपऱ्यात परत यायला चाली समच लागणार, आणि एक चाल म्हणजे रिकामं घर अन् सोंगटीची एक अदलाबदल. तुम्हाला हवी फक्त १४-१५ ची एकच, म्हणजे विषम. मेळ बसणार कसा?

शफल काढून टाका. सुटलेल्या पाटीपासून सुरू करून प्रोग्रामलाच ३०० खऱ्या चाली खेळू द्या. आत्ताच केलेली चाल लगेच उलटी फिरवायची नाही एवढी अट घाला, नाहीतर तो जागच्या जागी घुटमळतो.

दर्यापूरकर:
शफल ठेवायचंच असेल तर सुटत नाही असं दिसल्यावर ० सोडून कोणत्याही दोन सोंगट्या बदला, मांडणी सुटणारी होते. आणि शेजार तपासताना यादीतला फरक १ आहे एवढंच पाहू नका. जागा ३ आणि ४ (पायथन ० पासून मोजतो) यादीत लागून आहेत, पण पाटीवर एक पहिल्या ओळीच्या टोकाला, दुसरी खालच्या ओळीच्या सुरुवातीला. ओळही एकच आहे का ते पाहा. माझी पोरगी तिथूनच सोंगटी पळवायची.

मानोऱ्याकडची ताई:
दोन्ही केलं भाऊ. दर्यापूरकरांनी सांगितलेली चूक माझ्यातही होती. पोराला आधी पाटीवर काळी-पांढरी घरं रंगवून दाखवली. त्यानं रिकामं घर स्वतः बोटानं फिरवलं, चाली मोजल्या, मग म्हणे, "म्हंजे काल तो सुटणारच नोयता?" नवा डाव ४० मिनिटांत सोडवला. आता शेजारच्या पोराला घरं रंगवून दाखवून राहिला.